तेराचे दोन पाने आणि चौदाचा सेट

*काका, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला, वय २८. अडीच एकर द्राक्षबाग आहे. घरी जुना मॅसी ट्रॅक्टर, त्यामागे फवारणीचा ब्लोअर आणि एक मोटारसायकल. वडिलांच्या पेटीत उघड्या तोंडाचे सात-आठ फिक्स पाने, एक स्क्रू पाना आणि पाईप पाना एवढंच आहे. गेल्या महिन्यात ऐन फवारणीत ब्लोअरच्या पंपाच्या पायाचा बोल्ट सैल झाला. खालून स्क्रू पान्यानं बोल्ट धरला, वरून वडिलांचा पाना लावला (त्यावर ११/१६ लिहिलंय, पण १७च्या नटाला बसायचा), जोर दिला आणि नट गोल झाला. हाताची सालं निघाली ती वेगळीच. आता कॉम्बिनेशन पान्यांचा चांगला सेट घ्यायचा आहे. बजेट तीन हजार. दुकानदार तीन पर्याय दाखवतो: कुठल्याशा नावाचा चकचकीत १४ पान्यांचा सेट, एकदम स्वस्त, टपारियाचा, आणि स्टॅनलीचा. पुण्याचा मेहुणा म्हणतो, घ्यायचा तर जर्मनच घे, नाहीतर तो रॅचेटवाला घे. पैसे वसूल होतील असं काय घेऊ?*
*– एक वाचक, निफाड तालुका*

तुझ्या पत्रात उत्तर अर्धं तूच लिहून ठेवलं आहेस, फक्त ते कंसात टाकलंस. ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर. नट १७चा. जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक, त्यात तोंड जुनं म्हणजे थोडं फाकलेलंच असणार. असा पाना नटाच्या सपाट बाजूंना धरत नाही, दोन कोपऱ्यांवर टेकतो. कोपरे सोलले गेले तर त्यात नटाचा दोष नाही आणि तुझ्या हाताचाही नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात फोरमन एकच वाक्य ऐकवायचा, "बसतो म्हणजे मापाचा असतो असं नाही." त्या वेळी राग यायचा.

दुसरी गोष्टही तूच सांगितलीस. खालून स्क्रू पाना. आरपार बोल्ट असेल तर एक पाना डोक्याला आणि दुसरा नटाला लागतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच मापाचे. कॉम्बिनेशन पान्याच्या दोन्ही टोकांना एकच माप असतं, एकीकडे उघडं तोंड आणि दुसरीकडे रिंग. म्हणजे सेट कितीही मोठा घे, प्रत्येक मापाचा पाना त्यात एकच. चौदा पाने घरी आणूनही पंपाच्या पायाशी बसलास की पुन्हा स्क्रू पानाच शोधशील. हे दुकानदार सांगत नाही, कारण सेट विकणं त्याला सोपं पडतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मधल्या भावातला कुठलाही नावाजलेला भारतीय माल तुला पुरेसा आहे. फक्त सेट घेऊ नकोस, सुटे पाने घे, आणि नेहमी लागणारी मापं दोन-दोन घे. कंपनी कोणती यावर जेवढा वेळ घालवतोयस त्यातला निम्मा मापांवर घाल.

मापांचं तुझ्याकडे जरा त्रांगडंच आहे, कारण तुझ्या खळ्यात तीन घराण्यांची यंत्रं उभी आहेत. मोटारसायकल जपानी वळणाची, तिला ८, १०, १२, १४, १७ लागतात. ब्लोअरसारख्या अवजारांवर साधारणपणे जर्मन वळणाचे बोल्ट असतात. सहाच्या बोल्टाला (म्हणजे ज्याचा दांडा ६ मिलिमीटर जाड) १०चा पाना, आठच्याला १३, दहाच्याला १७, बाराच्याला १९, सोळाच्याला २४. एकाच आठच्या बोल्टाला मोटारसायकलवर १२ लागतो आणि ब्लोअरवर १३. गॅरेजमधल्या पोराला हे तोंडपाठ असतं, आपल्याला नसतं आणि तिथंच चूक होते.

तिसरं घराणं मॅसीचं. मॅसी फर्ग्युसन ३५ हा मूळचा इंग्लंड-अमेरिकेकडचा ट्रॅक्टर. मद्रासच्या टाफे या ट्रॅक्टर कंपनीनं १९६० पासून मॅसी इथे आणले आणि घडवले, तेव्हा इंची बोल्टही सोबत आले. जुन्या मॅसीवर १/२, ९/१६ आणि ३/४ इंचाची डोकी सारखी भेटतात. तुझ्या वडिलांच्या पेटीत इंची पाने का आहेत ते आता कळलं असेल. त्यांनी ते ट्रॅक्टरसाठी घेतले होते, ब्लोअरसाठी नाही. तेव्हा ती पेटी भंगारात काढू नकोस. ३/४ म्हणजे १९.०५, तिथं १९चा पाना बिनधास्त चालतो. १/२ म्हणजे १२.७, तिथं १३चा लावलास तर ढिला बसतो आणि जोर दिल्यावर घसरतो. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४चा पाना चढतच नाही आणि १५चा ढिला पडतो. ही दोन इंची मापं इंचीच घ्यायची.

आता यादी काढ. ८चा एक, १०चे दोन, १२चा एक, १३चे दोन, १४चा एक, १७चे दोन, १९चे दोन, २४चा एक. वर १/२ आणि ९/१६ इंची एकेक. चौदा पाने झाले बघ, सेटएवढेच. फरक इतकाच की यातला प्रत्येक पाना महिन्यातून एकदा तरी हातात येईल. सेटमधले ६, ७, ९ आणि ११ तुझ्याकडे वर्षानुवर्षं तेलाचं बोट न लागता पडून राहिले असते. २२चा लागेल असं वाटलं तर थांब, लागेल तेव्हाच आण. तीन हजारांत हे सगळं एकदम बसलं नाही तर १२, १४ आणि २४ पुढच्या महिन्यावर ढकल. जोडीचे मात्र आत्ताच घे.

कंपन्यांबद्दल. टपारियाचा कारखाना तुझ्यापासून लांब नाही, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं त्यांनी हाताची अवजारं करायला घेतली. जवळचा म्हणून घे असं मी म्हणत नाही. त्यांचे पाने माझ्या हातात पुष्कळ वर्षं होते. दिसायला साधे, पण तोंड फाकलेला क्वचित पाहिला. आणि माझ्या लेखी मोठा मुद्दा असा की तालुक्याच्या दुकानातही ते सुटे मिळतात. शेतात पाना हरवतोच. नांगराखाली जातो, नाहीतर शेजारी नेतो तो नेतोच. तोच पाना त्याच मापात परत मिळणं ही शेतकऱ्यासाठी मोठी सोय आहे.

स्टॅनली हे १८४३ सालचं अमेरिकन नाव. हातात घेतलं की फिनिशिंग चांगलं वाटतं, कडा बोचत नाहीत. पण आज एकाच नावाखालचा माल वेगवेगळ्या देशांत बनतो, त्यामुळे पाकिटावर कोणत्या देशात बनलाय ते वाच. आयात मालावर देश, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि छापील किंमत असणं कायद्यानं बंधनकारक आहे. छापलेलं नसेल तर दुकानदाराला विचारत बसू नकोस, पाना खाली ठेव. सुटे पाने टपारियाएवढ्याच भावात मिळत असतील तर स्टॅनली घ्यायलाही माझी हरकत नाही. ईस्टमन आणि ग्रोझ हीदेखील त्याच पंगतीतली नावं. जालंधर-लुधियानाच्या पट्ट्यातले कारखाने परदेशी कंपन्यांसाठीही पाने घडवून देतात, त्यामुळे देशी म्हणजे दुय्यम हा समज सोडून दे.

मेहुण्याचं जर्मन प्रकरण. चूक काहीच नाही. गेडोर हे नाव रेमशाइड गावच्या डोविडाट भावंडांवरून पडलं, १९१९ पासूनची कंपनी आहे आणि पाना हातात घेतला की फरक कळतो. रिंगची भिंत पातळ असते, अडचणीच्या जागी बोटासारखी आत जाते. रोज आठ तास पाना चालवणाऱ्याला तो फरक परवडतो. तुला महिन्यातून चार वेळा बोल्ट आवळायचे आहेत. तेवढ्यासाठी एका पान्यात तीन-चार पान्यांचे पैसे घालू नकोस. मेहुण्याला फारच वाटत असेल तर दिवाळीला भेट देऊ दे, १७चा माग.

रॅचेटचं, म्हणजे नटावरून न काढता मागे-पुढे करून फिरवता येणाऱ्या पान्याचं, थोडक्यात. ७२ दात्यांचा असेल तर एक दाता म्हणजे ५ अंश, त्यामुळे अरुंद जागेत झपाझप फिरतो. पण आतले दाते बारीक, आणि तुझ्याकडे धूळ, चिखल आणि चुन्याचं पाणी. गंजलेला नट फोडण्यासाठी तो नसतोच. हौस असेल तर १०चा एक घे.

त्या चकचकीत १४च्या सेटवर जास्त लिहीत नाही, पण एक सांगतो. मी नवा फिटर असताना रस्त्यावरच्या बाजारातून असाच एक सेट घेतला होता. पगाराचा दिवस होता. प्रत्येक पान्यावर क्रोम व्हॅनेडियम असं ठळक कोरलेलं. तिसऱ्या दिवशी प्रेसवरच्या १९च्या बोल्टावर उघडं तोंड लावून ओढलं आणि तोंड असं उघडलं की जणू जांभईच दिली. मूठ सरळ लोखंडी खांबावर. त्यानंतर चार दिवस डाव्या हातानं जेवलो. क्रोम व्हॅनेडियम हा शिक्का कोणालाही मारता येतो. पोलाद कोणतं हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते तापवून घडवलंय का आणि नंतर नीट पाणी दिलंय का हे महत्त्वाचं. आणि ते शिक्क्यावरून कळत नाही.

मग दुकानात ओळखायचं कसं? आधी नट-बोल्टच्या दुकानातून दोन नवे बोल्ट घे, एक आठचा आणि एक दहाचा, डोक्यावर ८.८ लिहिलेले. चार पैशांचं काम आहे. (८.८ मधला पहिला आठ ताण सांगतो, ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही.) ते खिशात घालून पान्यांच्या दुकानात जा. १३ आणि १७च्या पान्यांची रिंग बोल्टावर बसव आणि अंगठ्यानं डावीकडे-उजवीकडे हलव. थोडी हालचाल सगळ्यांतच असते. पण रिंग पकडण्याआधी भोवरा फिरावा तशी फिरत असेल तर तो पाना नको. मग उघडं तोंड उजेडाकडे धरून बघ, दोन्ही जबडे समांतर दिसले पाहिजेत. जबड्याच्या आत क्रोमचे फोड किंवा थेंब दिसले तर बाजूला ठेव. ते पहिल्याच वापरात सुटतात आणि ब्लेडसारखे बोटात घुसतात.

रिंगच्या तोंडाची कड पाहायला विसरू नकोस. फार तिरकी छाटलेली असेल तर पातळ नटाला रिंग पुरती पोहोचतच नाही, वरच्यावर धरते. बारा कोनी रिंगमध्ये आतले कोपरे किंचित गोलसर केलेले असतील तर उत्तम. मग जोर नटाच्या टोकांवर न येता सपाट बाजूवर येतो. हीच युक्ती एकेकाळी महागड्या पान्यांतच दिसायची, आता मधल्या भावातही मिळते. आणि रिंगच्या भिंतीची जाडी बघ. स्वस्तातल्या पान्यांची रिंग जाडजूड असते. पोलाद कमकुवत, म्हणून अंगानं भरून काढलेलं असतं. ग्राहकाला वाटतं दणकट आहे.

नावाजलेल्या मालाची नक्कलही निघते. कोरीव अक्षरं पुसट, कुठे खोल कुठे उथळ, मापाचा आकडा वाकडा, आणि भाव कमी. पक्कं बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा कसा होतो यावरून अर्धा निकाल लागतो.

पाना वापरताना एक लक्षात ठेव. सुटवताना आणि शेवटचा आवळ देताना रिंग, मधल्या फिरवण्याला उघडं तोंड. रिंग चहूबाजूंनी धरते, उघडं तोंड फक्त दोन बाजूंना. पुन्हा, उघडं तोंड दांड्याला १५ अंश तिरपं असतं, ते शोभेसाठी नाही. षटकोनी नट ६० अंश फिरला की पुन्हा तसाच दिसतो. तोंड सरळ असतं तर दर वेळी ६० अंश फिरवायला जागा लागली असती. तिरपं असल्यामुळे पाना उलटा करून लावला की ३० अंशांत काम होतं. ट्रॅक्टरच्या डिझेल फिल्टरशेजारी हात घातलास की याची किंमत कळेल.

पान्याची लांबीही कोणी उगाच ठरवलेली नाही. १३चा पाना साधारण १७ सेंटिमीटर लांब. त्याच्या टोकाला १५ किलोचा ओढा दिलास, म्हणजे एका हाताचा चांगला जोर, तर बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर पीळ बसतो. आठच्या ८.८ बोल्टाला हवा असतो तेवढाच. त्या पान्याला दोन फुटी पाईप जोडलास की तोच हात साडेतीन पट पीळ देतो आणि बोल्ट तुटतो, नाहीतर आटे जातात. गावाकडे पाईप जोडण्याची फार सवय. सुटवताना एखादेवेळी ठीक, पण पाईप लावून आवळताना दिसलास तर मी पाना काढून घेईन.

तुझ्या बागेची एक वेगळीच अडचण आहे. बोर्डो या बुरशीवरच्या औषधात मोरचूद असतं, आणि मोरचुदाचं पाणी उघड्या लोखंडावर पडलं की त्यावर तांबूस थर चढतो आणि खालचं लोखंड झिजत जातं. क्रोम शाबूत आहे तोवर पाना वाचतो, टवका उडाला की तिथून सुरुवात. म्हणून फवारणीनंतर पाने ब्लोअरच्या टपावर सोडू नकोस. साध्या पाण्यानं धू, पूस, आणि जुन्या इंजिन ऑइलच्या फडक्यात गुंडाळ. नोझलचे पितळी नट मऊ असतात, तिथं स्क्रू पाना कधीच लावायचा नाही, नेमक्या मापाचाच पाना आणि जोर अगदी बेताचा.

आता तो गोल झालेला नट. तो अजून पंपाच्या पायाशीच असणार, कारण काढला असतास तर पत्रात सांगितलं असतंस. आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ कर, सुटवायचं तेल सोड आणि रात्रभर राहू दे. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन हलके ठोके दे. मग १६ची सहा कोनी गोटी (सॉकेट) घे. बारा कोनी नको, ती गोल नटावर पुन्हा घसरेल. गोटी नटावर ठोकून बसव, खाली डोक्याला नवा १७चा रिंग पाना लाव आणि एका झटक्यात न ओढता सारखा वाढता जोर दे. पंपाभोवती डिझेल आणि औषधाचा चिकटा असतो, त्यामुळे गॅसनं तापवायच्या भानगडीत पडू नकोस. तरीही नाही निघाला तर छिन्नीनं नट बाजूनं फोड, बोल्टासकट जाऊ दे. नवा दहाचा ८.८ बोल्ट, नवा नट आणि खाली स्प्रिंग वॉशर टाक. खिशातला नमुन्याचा दहाचा बोल्ट पुरेशा लांबीचा असेल तर तोच वापर.